तेराचा अर्धा पाढा

आमच्या शाळेत अ‍ॅग्नेस टीचरांना त्यांच्या पाठीमागे सगळे ‘आफ्रिका’ म्हणायचे. मीही म्हणायचे. त्यांनी कारणच तसं दिलं होतं. स्टाफरूममधला चहा पातळ झाला की ‘आमच्या तिथं याहून पातळ असायचा’, वर्गात मुलं मावेनाशी झाली की ‘आमच्या तिथं तर खिडकीतसुद्धा बसायची’. ही बाई ठाण्यात तलावाजवळच्या चर्चमागे जन्मलेली, त्याच गल्लीत चार घरं सोडून सासरी गेलेली. तरी त्यांचं ‘आमच्या तिथं’ म्हणजे ठाणं नव्हे, दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्याशा टेकडीवरची एक शाळा, हे प्रत्येक नव्या शिक्षकाला समजावून सांगावं लागायचं.

मी दर्शना, डोंबिवलीची. मीही गणितच शिकवते. शाळेत लागले त्या पहिल्याच दिवशी टीचरांनी मला विचारलं, “पाढे कुठपर्यंत येतात?” मी म्हटलं, तीसपर्यंत. “म्हणून दाखव बघू.” मी बी.एड. झालेली बाई, आणि स्टाफरूममध्ये उभं राहून एकोणतीसचा पाढा म्हणतेय! भयंकर राग आलेला. पण म्हणता म्हणता बघितलं तर त्या डोळे मिटून ऐकत होत्या. पाढा असा ऐकणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, म्हणून राग गिळला. पुढे आमची गट्टी जमली आणि त्या निवृत्त झाल्यावरही टिकली.

टीचर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या मूळच्या मराठी ख्रिश्चन, शिकलेल्या मराठी शाळेत. इंग्रजी उत्तम, पण घरातलं भांडण मराठीत आणि आकडे तर मराठीतच. चर्चच्या जत्रेत स्टॉलचा गल्ला मोजायला बसल्या की ओठ मराठीत हलायचे.

गेल्या वर्षी नवा अभ्यासक्रम आला आणि आम्हा शिक्षकांना ठाण्यात प्रशिक्षणाला बोलावलं. नवा अभ्यासक्रम आला की प्रशिक्षण येतंच, आणि प्रशिक्षण आलं की माझं डोकं फिरतं. समोर लॅपटॉप घेऊन उभा असलेला मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. तो सांगत होता, पाठांतर बंद, एका सुरात पाढे बंद, शिक्षकानं सांगायचं नाही, मूल स्वतः शोधेल. मी हात वर करून विचारलं, “मूल शोधेपर्यंत घंटा झाली तर?” सगळे हसले. तो म्हणाला, “मॅडम, शेवटी प्रश्नोत्तरं आहेत.” शेवटी अर्थातच वेळ उरला नाही.

तिथून मी तडक टीचरांच्या घरी गेले. त्या सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. मी पर्स टाकली आणि जे सुरू झाले ते थांबलेच नाही. पाढे म्हणायचे नाहीत म्हणजे काय? आपण म्हटले ते काय फुकट गेले? मला वाटलं, टीचर माझी बाजू घेतील, पाढ्यांवर त्यांचा एवढा जीव. त्यांचे हात मात्र ताटातच थांबले.

“मला पण हेच सांगितलेलं गो,” त्या म्हणाल्या. “वर्ग तेराच्या पाढ्यावर होता. अर्ध्यावर. तो अर्धाच राहिला.”

इतकी वर्षं मी त्यांच्या आफ्रिकेची चेष्टा करत आले. खडू, चहा, मक्याची लापशी, जूनमधली थंडी, सगळं पाठ झालं होतं. हे मात्र त्यांनी कधी काढलं नव्हतं. मी एक मूठ सोडे माझ्या पुढ्यात ओढले आणि गप्प ऐकत बसले.

टोनी अंकल, म्हणजे टीचरांचे यजमान, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होते. कारखान्याला टाळं लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणता म्हणता मुलगा ब्रायन शाळेत जायच्या वयाचा झाला. टीचरांची शाळा विनाअनुदानित, पगार यायचा तेव्हा यायचा. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य संपून पहिल्यांदा सगळ्यांची निवडणूक झाली होती. तोवर आपल्या पासपोर्टवर त्या देशात जायला बंदी असायची, तीही उठली होती. तिथल्या खेड्यांना गणिताचे शिक्षक हवे होते. आधीच्या सरकारनं काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या काढल्या होत्या, शिक्षण खातं वेगळं, पुस्तकंही वेगळी, आणि त्यांत गणित अगदी नावापुरतं. ज्याला खाणीत नाहीतर गोऱ्याच्या घरी राबायचंय त्याला भागाकार कशाला, असा एकूण विचार. चर्चमधल्या एका फादरांच्या ओळखीनं टीचरांचा अर्ज गेला आणि मंजूर झाला. टोनी अंकल म्हणाले, “जा तू. पोराला मी बघतो.” टीचर म्हणतात, विमानतळावर ब्रायन रडला नाही, टोनी रडला.

सामानात त्यांनी बॉटल मसाला नेला होता. ईस्ट इंडियन घरांत हा मसाला मे महिन्यात कुटतात आणि उजेड लागू नये म्हणून बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात. टीचरांनी तिथल्या खोलीत त्या बाटल्या खिडकीत ओळीनं मांडल्या. झालं! आठवडाभरात गावभर बोभाटा, नवी इंडियन मिस पिते. हेडमास्तर समजूत घालायला आले ते बायबल घेऊनच. टीचरांनी बूच काढून बाटली त्यांच्या नाकाखाली धरली, तेव्हा ते शिंकत शिंकत घरी गेले. पुढे त्याच मसाल्यातलं कोंबडीचं कालवण खायला ते दर रविवारी येऊ लागले.

शाळा टेकडीच्या माथ्यावर. खाली उतारावर गोल झोपड्या, अर्ध्या हिरवट-निळ्या रंगवलेल्या, आणि त्याच्याही खाली ओढा. मुलांची भाषा खोसा. त्या भाषेत आकड्यांची नावं लांबलचक, नव्वद म्हणायचं तर ‘अमाशुमी अलिथोबा’, म्हणजे नऊ दहा. त्यामुळे गणित इंग्रजीतून, आणि इंग्रजी कुणाला धड येत नाही. सातवीतली मुलं सात आठे छप्पन्न करायला बोटं मोजायची, बोटं संपली की शेजारच्याची घ्यायची.

एकदा टीचर तिसरीच्या वर्गात बसून मार्कांची बेरीज करत होत्या आणि सवयीनं मराठीत पुटपुटत होत्या. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “मिस, हे कुठलं गाणं?” त्या मुलीचं नाव पेशन्स. टीचर म्हणाल्या, गाणं नाही, पाढा आहे. आणि हसत हसत ‘बे एके बे’ म्हणून दाखवला. मुलांना तो इतका आवडला की मधल्या सुट्टीत मैदानावर ऐकू येऊ लागला. आपल्या पाढ्यात आकडे कसे लहान, एकशे आठ म्हणजे नुसतं ‘आठोदरसे’, एका श्वासात एक ओळ. मुलांनी बेचा उचलला, तीनचा उचलला. त्यांच्या भाषेत याहून अवघड आवाज असतात, त्यामुळे आपला ण आणि ळ त्यांना काहीच जड गेला नाही. आणि आपण एका सुरात कंटाळत म्हणतो तसं नाही, मोठी मुलं खालच्या पट्टीत, बारकी वरच्या पट्टीत. टीचर सांगत होत्या, “दर्शना, मी चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेली बाई. पण पाढ्याला असा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. अंगावर काटा यायचा गो.”

वर्षं गेली. दर नव्या वर्गाला त्या बेपासून सुरू करत. मुलं पटापट गुणाकार सोडवू लागली. पेशन्सही चढत चढत सातवीत आली. तिची आई जवळ नव्हती, लांब शहरात कुणाकडे कामाला होती. ही आजीजवळ राहायची. आजीला फारसं दिसत नसे.

मग तिथंही नवा अभ्यासक्रम आला. देश नवा, तर शाळाही नव्या हव्यात, सगळ्या रंगांच्या मुलांना एकच अभ्यासक्रम हवा, हे उघडच होतं. टीचरांच्या सातवीला तो त्यांच्या शेवटच्या वर्षी लागू झाला. शिक्षकानं सांगायचं आणि मुलांनी म्हणायचं, हे बंद. मुलांनी गटात बसायचं, विचारायचं, स्वतः शोधून काढायचं.

“मिसेस मायेकिसो म्हणून एक बाई तपासायला आल्या,” टीचर म्हणाल्या. “दारात उभ्या. तेराला पोचलेला माझा हा पहिलाच वर्ग, नवा पाढा ओळीओळीनं शिकत होता. तेरा सक अठ्ठ्याहत्तर झालं, आणि त्यांनी हात वर केला. ‘स्टॉप’ म्हणाल्या. मुलं गप्प.”

मी म्हटलं, “खडूस असणार.” माझ्या डोळ्यासमोर आमचा लॅपटॉपवाला मुलगा होता.

“नाय गो. चांगली बाई होती.” टीचर जरा रागावल्याच. “मला बाहेर नेलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मी असल्याच वर्गात शिकले. आम्हाला एका सुरात म्हणायला लावायचे, कारण एका सुरात म्हणणारं मूल प्रश्न विचारत नाही. तुमची मुलं छान म्हणतात. पण मला ती छान म्हणणारी नकोत. मला विचारणारी हवीत. आमची माणसं त्यासाठी मेलीत.’ आता सांग, मी काय बोलणार? ज्यांचा देश, ज्यांची पोरं, त्या सांगतायत. मला पण हातावर छड्या खाऊनच पाढे आलेले. मी त्याला गाणं समजत होते, त्यांना त्यात जुनं सरकार ऐकू येत होतं.”

टीचरांनी पाढे बंद केले. मनापासून बंद केले, कुरकुरत नाही. मुलं गटात बसू लागली, मक्याचे दाणे घेऊन गुणाकार मांडू लागली, गुराच्या सावलीची लांबी मोजू लागली. आणि खरंच विचारू लागली. एकानं टीचरांनाच विचारलं, “मिस, तुमच्या घरी लहान मुलगा आहे, मग तुम्ही इथं का?” त्या दिवशी टीचरांना फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

थोड्या दिवसांनी पेशन्सची आजी टेकडी चढून शाळेत आली, काठी टेकत, नातीचं नाव घेऊन हाका मारत. हेडमास्तरांनी तिचं बोलणं टीचरांना इंग्रजीत सांगितलं. ती तक्रार घेऊन आली होती. पोरगी ओढ्यावरून पाणी आणताना आकड्यांचं गाणं म्हणायची. आजी दारात बसून ऐकायची. दिसत नाही ना तिला, पण आवाजावरून कळायचं, पोरगी आता खडकापाशी आली, आता कुंपणापाशी आली. आता पोरगी मुकी येते. शाळेत ते बंद केलंय म्हणते. मिस, तुम्ही ते का बंद केलंत?

“मी काय उत्तर दिलं असेल?” टीचरांनी मला विचारलं.

मी निवडलेले सोडे त्यांच्या ताटात सारले.

“मी सॉरी म्हटलं. नवीन नियम आलाय म्हटलं. म्हातारी मान हलवून गेली. सबंध उतारावर तिची काठी वाजत होती.” टीचरांनी पदराला डोळे पुसले आणि सोड्यांचं ताट उगाचच हलवलं. “त्या वर्षाअखेर आम्हा बाहेरच्या शिक्षकांची कंत्राटं संपली. त्यांचंच बरोबर होतं. त्यांची स्वतःची पोरं शिकून घरी बसलेली. माझं ठरलेलं, शेवटच्या दिवशी वर्गाला तेराचा पुढचा भाग सांगायचा. चारच तर ओळी. कोण मला काय करणार होतं? पण मुलांनी निरोपाची गाणी सुरू केली, मला रडू आवरेना, आणि तेवढ्यात स्टेशनला नेणारी गाडी आली. राहिलं ते राहिलं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी त्यांना ‘आफ्रिका’ म्हणणं सोडलं. ठाण्याला परत आल्यावर पहिले कितीतरी महिने त्या पहाटे जाग्या व्हायच्या आणि त्यांना तो वर्ग ऐकू यायचा. खालच्या पट्टीत, वरच्या पट्टीत. अठ्ठ्याहत्तरला येऊन थांबायचा. तिथं असताना ठाण्यासाठी, टोनीसाठी, ब्रायनसाठी जीव तुटायचा, आणि इथं आल्यावर त्या टेकडीसाठी. टोनी अंकल म्हणायचे, तू पूर्ण आलीच नाहीस, अर्धी अजून पोस्टात आहेस. ते गेले तेव्हा कुठं टीचर थोड्या ठाण्याच्या झाल्या.

“मला एकदा ऐकायचंय,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या तोंडून, शेवटपर्यंत. मी मरायच्या आधी. त्या चार ओळी मी त्यांच्याकरता ठेवून दिल्यात गो. दुसरं काय नको.”

मला अशा वेळी स्वस्थ बसवत नाही. मी म्हटलं, टीचर, आता जगात कुणी हरवत नाही, फेसबुक आहे. त्या म्हणाल्या, ब्रायननं शोधून झालंय. घोडबंदर रोडवरच्या त्याच्या घरून आला की प्रत्येक वेळी त्याला बसवते. पेशन्स, वाइजमन, ब्यूटी, गुडमन. कुणीच सापडत नाही. शाळा तर पटसंख्या कमी म्हणून बंद झाली, एवढं कळलं.

मीही शोधलं. डोंबिवलीला घरी येऊन, जेवणं उरकून, मोबाइल घेऊन बसायचे. त्या जिल्ह्यात पेशन्स नावाच्या बायका निघाल्या, पण कुणी फार म्हाताऱ्या, कुणी कॉलेजातल्या. नवरा म्हणाला, तुझं आता आफ्रिकेत काय काम? मी त्याला दोनदा सांगितलं, तरी त्याला कळलं नाही.

मग एकदा वर्गात हजेरी घेताना माझ्या डोक्यात आलं. माझ्या वर्गात एक ‘निशा’ आहे, तिला घरी सगळे ठमा म्हणतात, पणजीचं नाव म्हणून. मी संध्याकाळी टीचरांना फोन लावला. “टीचर, पेशन्स हे नाव तिला कुणी ठेवलं?”

“शाळेनं. तिथं सगळ्या मुलांना शाळेचं इंग्रजी नाव वेगळं असायचं. जुनी पद्धत. गोऱ्यांना त्यांची नावं म्हणता येत नसत ना.”

“आणि घरचं नाव?”

 मग टीचरांचा आवाज एकदम बारीक झाला. “अरे देवा. मिसेस मायेकिसोंनी ते पण सांगितलेलं. मुलांना त्यांच्या नावानं हाक मारा. पण तोंडात बसलेलं बदललं नाय. आणि मला त्यात काय वावगं वाटलंच नाय गो. आमची स्वतःची नावं तरी कुठली? पोर्तुगीज पाद्र्यांनी ठेवलेली, ती आमचीच झाली. मला वाटलं, त्यांचं पण तसंच.”

म्हणजे ही बाई पंचवीस वर्षं अशा नावांनी मुलांना शोधत होती, जी नावं त्या मुलांनी मोठं झाल्यावर दप्तरासारखी टाकून दिली होती. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, आठवा. ती आजी हाका मारत टेकडी चढत होती म्हणालात ना? काय हाका मारत होती?

त्या रात्री त्यांना आठवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी मिस्सा चालू असताना, फादर प्रवचन देत असताना, त्यांना म्हातारीची हाक आठवली. बाहेर येऊन चर्चच्या पायऱ्यांवरूनच मला फोन केला आणि हॅलोसुद्धा न म्हणता मोठ्यानं म्हणाल्या, “नोमावेथू!”

त्या नावानं शोधल्यावर ती पहिल्या तासात सापडली. जवळच्या गावात हार्डवेअरच्या दुकानात काम करते, दोन मुलं आहेत. फोटो बघून टीचर म्हणाल्या, कपाळ तेच आहे. आम्ही तिला इंग्रजीत निरोप लिहिला. मी लिहिलेला त्यांना पसंत पडेना, म्हणून त्यांनी तो चार वेळा बदलायला लावला. शेवटी राहिलं एवढंच, मी मिस अ‍ॅग्नेस, मसाल्याच्या बाटल्यांवाली. तुला आपला पाढा आठवतो का?

उत्तर येईना. टीचर रोज फोन करायच्या. आधी विचारायच्या, “आलं का?” मग नुसत्याच ‘जेवलीस का’ विचारायच्या, आणि मी आपणहून सांगायचे, नाही आलं. मला भीती वाटू लागली. ज्याची नुसती आठवण काढत माणूस सुखात होतं, त्याची आपण आशा लावून ठेवली, आणि आता ती मोडली तर? मी त्या दिवसांत वर्गातसुद्धा चिडचिड करत होते. नव्या पद्धतीप्रमाणे मुलांना गट करून बसवलं होतं. तेरा गुणिले सात कसं काढाल, विचारलं. एक मुलगी म्हणाली, दहा साते सत्तर, तीन साते एकवीस, जोडले की झालं. बरोबर होतं. तरी मला ते कानाला अळणी लागलं.

शेवटी उत्तर आलं, लिहिलेलं नाही, आवाजाचं. मी ते उघडलंसुद्धा नाही. शाळा सुटल्यावर तशीच ठाण्याला गेले आणि टीचरांसमोर ओट्यावर फोन ठेवला. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले, स्टुलावर बसल्या. मी बटण दाबलं.

आधी एका बाईचा हसरा आवाज. इंग्रजीत. मिस, मिस, मिस, असं तीनदा. फोन बिघडला होता, म्हणून उशीर झाला. आजी गेली, बरीच वर्षं झाली. मी दुकानात खिळ्या-पत्र्यांचा हिशेब यंत्राशिवाय करते, मालक गिऱ्हाइकांना बोलावून दाखवतो. आणि पाढा विचारताय? ऐका.

मग तिनं कुणाला तरी खोसात काही म्हटलं आणि एक कोवळा आवाज तिच्या आवाजात मिसळला, तिच्या मुलीचा असणार. एक खालच्या पट्टीत, एक वरच्या.

तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस.

ठाण्यातल्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात मी ते ऐकत होते. घोडबंदरला टीचरांची सख्खी नात इंग्रजीत टेबल्स म्हणते, तिला एकोणचाळीस म्हणजे किती ते सांगावं लागतं. आणि समुद्रापार कुणी आई-मुलगी स्वच्छ म्हणत होत्या, तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न. टीचरांचे डोळे मिटलेले. तेरा पाचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर.

टीचरांनी माझा हात धरला. आता थांबणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

थांबल्या नाहीत. त्याच चालीत, तोच ठेका धरून पाढा पुढे गेला. फक्त आता शब्द खोसा होते. नव्वदाचा तो लांबलचक ‘अमाशुमी अलिथोबा’ त्यांनी भरभर म्हणून ओळीत कोंबला. पुढची ओळ. त्याच्या पुढच्या ओळीत बैल हाकताना गालात काढतात तसा आवाज आला. आणि शेवटची ओळ दोघींनी लांबवून, वर नेऊन सोडली.

मग पुन्हा नोमावेथूचं इंग्रजी. आजीनं ऐकलंच नाही, मिस. म्हणाली, शाळेचा नियम शाळेत, माझ्या ओढ्यावर तू म्हणायचंच. पण वाट लांब, पाढा अर्धा, कुंपणाच्या आधीच संपायचा. मग आम्ही वर्गातल्या चौघींनी गटात बसून, मक्याचे दाणे मांडून, पुढचं शोधून काढलं. तुम्हीच शिकवलं होतं तसं. तुमचे शब्द येत नव्हते, म्हणून आमचे घातले. माझ्या मुलांना वाटतं ही सगळी एकच भाषा आहे. मिस, आमचं बरोबर आहे ना?

निरोप संपला.  मी गप्प राहणाऱ्यांतली नाही, मी म्हटलं, “टीचर, आता सांगा त्यांना तुमच्या चार ओळी. हे बटण दाबून धरा आणि म्हणा.” फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बटण दाबलं. घसा साफ केला आणि तेरा एकेपासून सुरुवात केली. त्या वयातही आवाज सुरात होता. अठ्ठ्याहत्तर झालं आणि त्या क्षणभर थांबल्या. मी मनातल्या मनात पुढचा शब्द म्हटलासुद्धा. पण टीचरांनी म्हटलं, अमाशुमी अलिथोबा. चुकत, अडखळत, त्यांच्या मुलांनी जोडलेल्या ओळी त्यांनी ऐकल्या तशा म्हटल्या. गालातला आवाज काही जमला नाही, तिथं नुसतीच हवा गेली. शेवटी इंग्रजीत म्हणाल्या, “बरोबर आहे, नोमावेथू. अगदी बरोबर.” आणि बटण सोडलं.

“टीचर, अहो, आणि तुमच्या ओळी?”

“त्यांना कशाला आता? त्यांचा पाढा पुरा आहे.” त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा मोडला. “बरं वाटलं गो. लई बरं वाटलं. पोरींनी शोधून काढलं. मी नव्हते, तरी काढलं. म्हातारीला ऐकू येत होतं, सगळी वर्षं. आणि मी इथं उगाच धरून बसलेले.”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

थोड्या वेळानं त्या उठल्या, गॅस पेटवला, भाताचं आधण चढवलं. माझ्याकडे पाठ होती. तांदूळ धुता धुता त्यांनी हळूच, कुणाला ऐकवायला नव्हे, उरलेलं म्हटलं.

“तेरा साते एक्क्याण्णव. तेरा आठे चारोदरसे. तेरा नवे सतरोदरसे. तेरा दाहे तिसासे.”

आणि तांदूळ आधणात सोडले.